मोरीजवळचा सूर

वामनची बोट नवापूरच्या किनाऱ्याला परत आली, वामन आला नाही. जाळं ओढताना तो पाण्यात गेला, एवढंच बाकीच्यांनी सांगितलं. प्रेतही हाती लागलं नाही.

त्यानंतर त्याच्या बायकोने, हिराने, परसात कोयता लावू दिला नाही. ते काम वामनचं होतं. वर्षभरात तिथं कमरेएवढं गवत माजलं, टाकळा आला, घाणेरी फुलली आणि कधी न पाहिलेले किडे दिसू लागले. काचेसारख्या हिरव्या पाठीचे, काडीसारखे लांबुडके. हिरा पायरीवर बसून ते बघत राही.

एका तिन्हीसांजेला मोरीजवळच्या ओल्या मातीतून सूर आला. एकसारखा, तोंड मिटून कुणी गुणगुणावं तसा. वामन जाळं शिवताना असाच गुणगुणायचा.

हिराने धाकट्या जावेला, कमळीला, हाक मारली. "आयकतेस?"

कमळीने पदर तोंडावर धरला. "वैनी, घरात चला. हे बरं नाय."

पण हिराने खुरपं घेतलं. कमळीने मोबाईलचा उजेड धरला. सूर थांबला. गुळगुळीत बिळातून बोटभर तपकिरी किडा निघाला. अंगावर मखमल, पुढचे पाय फावड्यासारखे. असला किडा दोघींनीही पाहिला नव्हता.

"मारा त्याला!"

हिराने तो उचलून मूठ मिटली. किडा आतून तिची बोटं फाकवू लागला. इवल्याशा जिवात एवढा जोर! मूठ उघडताच तो मातीत शिरला.

"किडाच व्हता," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी तिनेच दिराला, अनुजला, सांगितलं, "आता त्यांचे दिवस करून टाका." वर्षभर ती याला नाहीच म्हणत होती.

पाहुण्यांना बसायला जागा करावी म्हणून अनुज संध्याकाळी कोयता घेऊन आला. गवताला हात घातला आणि तसाच वाकलेला राहिला. मोरीकडून सूर येत होता. कोयता त्याच्या हातातून गळला.

"वैनी... दादा हाय?"

तो किडा आहे हे हिराला सांगता आलं असतं. पण तिने पडलेला कोयता उचलून बाजूला ठेवला.

अनुज मातीवर हात ठेवून बोलू लागला. "दादा, आय बरी हाय. बोट रंगवली रे. तुजं नाव तसंच ठेवलंय."

त्याचा आवाज चढला तसा सूर थांबला, कुणी ऐकायला लागावं तसा. हिरा त्याच्याजवळ खाली बसली.

गवत कापलं नाही. दिवस घातले ते पुढच्या अंगणात.