चार ओळींचा खुलासा

वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रांचं पान बघणाऱ्या गृहस्थांना कचेरीत सगळे टपालकाका म्हणत. एकतीस वर्षं तेच टेबल, तीच वेताची खुर्ची. खुर्चीची बैठक दोनदा नव्याने विणून झाली, काका मात्र जुनेच राहिले. टेबलावर कात्री, डिंकाची बाटली आणि पत्रांचा ढीग. त्या ढिगाला काकांचा एकच नियम होता. पत्राखाली पूर्ण नाव आणि घराचा पत्ता हवा, आणि पत्रासोबत तो छापला जाणार. निनावी पत्र कितीही झकास असो, ते बाजूला पडायचं. 'एक त्रस्त नागरिक' अशी सही आली की काका म्हणत, "त्रस्त आहे ना? मग राहतो तरी कुठे तेवढं कळू दे. त्रास काय हवेत होतो होय?"

नियमामागे त्यांची श्रद्धा होती. भाबडी म्हणा हवं तर. देवाने माणसाला तोंड दिलंय ते लपवून बोलायला नव्हे. बोलायचं ते समोर येऊन, आणि ज्याला पटलं नाही त्याने दार वाजवून तसं सांगावं. आणि खरोखरच लोक दारं वाजवत! पत्र वाचून तणतणत भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन, पायरीवर तासभर गप्पा मारून परत येई. एकदा तर गटाराच्या पाण्यावरून पानभर भांडलेल्या दोन घरांची सोयरीक जुळली. तेव्हापासून बातमीदार काकांना चिडवत, "काका, पत्रांचं पान काढता की लग्नं जमवायचं ऑफिस?" काका वर न बघता म्हणत, "तुझं जमत नाहीये ना, मग लिही एक पत्र. पत्ता मात्र खरा घाल."

या पानाचे दोन मानकरी होते. एक सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर, दुसरे शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगमास्तर. अकरा वर्षं दोघे त्या पानावर एकमेकांशी भांडत होते. कंपाउंडर लिहायचा ते पुडीत औषध बांधल्यासारखं, मोजकं आणि कडू. मास्तर लिहायचे ते सावल्या भरभरून, एका मुद्द्याला चार उपमा. मास्तर सत्तेतल्या पुढाऱ्याचे निस्सीम भक्त, कंपाउंडर कुणाचाच नाही. मास्तरांनी पुढाऱ्याच्या नव्या पुलाचे गोडवे गायले की पुढच्या मंगळवारी कंपाउंडर विचारणार, 'पूल झकास आहे, पण तो उतरतो कुठे?' लोक बातम्यांआधी हे पान उघडत. गंमत म्हणजे या दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग ती सभा झाली. एका सभागृहात पुढाऱ्याच्या कारभारावर खुली चर्चा होती, कुणीही उठून प्रश्न विचारावा अशी. प्रश्न तिसऱ्यावरच थांबले. मागच्या दाराने माणसं घुसली, खुर्च्या मोडल्या, डोकी फुटली. दुसऱ्या दिवशी पुढारी म्हणाले, "तो लोकांचा उत्स्फूर्त राग होता."

कंपाउंडर स्वतः कचेरीत पत्र घेऊन आला. टपालावर त्याचा भरवसा नव्हता. दवाखान्यात जाता जाता तो पाकीट काकांच्या हातात ठेवून जाई. पत्र छोटं होतं: 'त्या संध्याकाळी माझ्या टेबलावर सात जण आले. सातही जणांच्या जखमा मी बांधल्या. त्या सगळ्या सारख्या मापाच्या होत्या. लोकांना राग येतो तेव्हा ज्याच्या हाताला जे लागेल ते तो उचलतो, चप्पल, काठी, दगड. सगळ्यांना एकाच लांबीच्या सळ्या कशा सापडल्या? राग उत्स्फूर्त असेल. सळ्या आधी कापलेल्या होत्या.'

काकांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना पेन खाली पत्त्यापाशी थबकलं. हा एकदा गाळावा का? मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एकतीस वर्षांत कुणाचा गाळला नाही, आणि आज जरा धग लागली तर नियम गुंडाळायचा? कंपाउंडरला विचारावं हेही त्यांच्या मनात आलं. पण तो काय म्हणेल हे आपल्याला ठाऊकच आहे, असं त्यांनी धरलं. मंगळवारी पत्र छापून आलं. नाव, घर नंबर, गल्ली, सगळं.

गुरुवारी भर दुपारी त्या पत्त्यावर चार जण गेले.

काका हॉस्पिटलात पोचले तेव्हा कंपाउंडरच्या खोलीत डॉक्टर होते. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. काकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखू आली. मांडीवर त्याचा चष्मा होता, एका काचेचा.

"वहिनी, मी पत्रांचं पान..."

"ओळखलं," ती म्हणाली. "बसा."

काका बसले नाहीत. तीच बोलत राहिली, शांतपणे, जणू दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगतेय. "त्यांच्या हातात कात्रण होतं हो. मला दाखवून विचारलं, हेच ना घर? मी वाचलं. म्हटलं, हो, आमचंच, या ना. लोक येतात अधूनमधून, पत्र आवडलं म्हणून सांगायला. मला वाटलं, तसेच असतील. मीच चौघांना बसायला दिलं. पाणी दिलं. त्यातल्या एकाने भांडं रिकामं करून नीट टेबलावर ठेवलं, आणि मग..."

 काका मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला गेले, तर तेही नीट येईना.

"जबडा मोडलाय," ती म्हणाली. "तारेने बांधणार आहेत. दोन बरगड्या, डावं मनगट. जाताना म्हणाले, पोरीचं सासर कुठे आहे तेही आम्हाला माहीत आहे. पुढचं पत्र आलं की तिकडे जाऊ." मग पहिल्यांदाच तिने मान वर केली. "तुम्ही एक करा. छापा, की ते पत्र यांचं नव्हतं."

"वहिनी, पण ते..."

"मला सांगू नका ते कुणाचं होतं! माझ्यासमोर बसून लिहिलंय. आधी 'एकसमान' लिहिलं होतं त्यांनी. मीच म्हटलं, सरळ 'सारख्या मापाच्या' लिहा, लोकांना कळेल." तिचा आवाज तिथे फाटला. "तरी छापा. पत्ता तुम्ही छापलात ना? मग हेही छापा."



संध्याकाळी काका संपादकबाईंच्या खोलीत गेले. बाई वयाने काकांहून लहान, पण कडक. पोलिसांचा 'तपास चालू आहे' हा निरोप त्यांच्यासमोर पडला होता. काकांचं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आणि ते पत्र त्याचं नव्हतं, तर कुणाचं होतं म्हणून सांगायचं? आकाशातून पडलं?"

"माझं होतं म्हणून सांगायचं. मी लिहिलं आणि त्याचं नाव घातलं."

"काका, शुद्धीवर आहात ना? कळतंय का तुम्हाला, हे छापलं तर उद्यापासून त्या पानावरच्या एकाही अक्षरावर कुणी विश्वास ठेवणार नाही. एकतीस वर्षं तुम्ही ज्यासाठी..."

"कळतंय."

"आणि ते लोक तुमच्याकडे येतील."

"येऊ देत. घरी मी आणि एक आरामखुर्ची. दोघांच्याही बरगड्या जुन्याच."

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि म्हणाल्या, "मला हे मान्य नाही. पण त्या बाईला नाही म्हणायचं तोंड माझ्याकडेही नाही. लिहा."

आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं कापून नेटकी करणाऱ्या माणसाला या चार ओळी लिहायला अडीच तास लागले. 'मंगळवारच्या अंकातील सळ्यांसंबंधीचे पत्र संबंधित गृहस्थांचे नव्हते. ते या पानाच्या संपादकाने स्वतः लिहून त्यांच्या नावावर छापले. या गंभीर चुकीबद्दल आम्ही त्या गृहस्थांची व वाचकांची क्षमा मागतो.' खाली काकांनी स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि घराचा पत्ता.

कुणी आलं नाही. चार दिवस काका कडी न लावता झोपले, पण कुणीसुद्धा आलं नाही. आला तो एक फुलांचा गुच्छ, पुढाऱ्यांच्या कार्यालयाकडून, थेट कचेरीत. सोबत छापील कार्ड: 'सत्य स्वीकारण्याचे धैर्य दाखवल्याबद्दल आभार.' मार खाल्ला असता तर बरं, असं काकांना त्या फुलांकडे बघून वाटलं. सभेत ज्यांची डोकी फुटली होती त्या सात जणांबद्दल आता लोक म्हणू लागले, त्या जखमाही पेपरवाल्यांनीच रंगवल्या असतील.

आणि पत्रं! पहिल्या आठवड्यात ढीग नेहमीच्या दुप्पट झाला. 'माझं गेल्या वर्षीचं पत्रही आपणच लिहिलं होतं काय?' 'माझं नाव आपल्या यादीतून काढावे.' दुसऱ्या आठवड्यात ढीग निम्म्यावर आला. तिसऱ्या आठवड्यात पान भरायला दंतमंजनाची जाहिरात घ्यावी लागली.

त्याच आठवड्यात ड्रॉइंगमास्तर आले. उंच, किडकिडीत, हातात घडी केलेला कागद. समोरची खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"तुम्ही खोटं छापलंत."

"हो, खुलाशात तसं..."

"खुलासाच खोटा आहे!" मास्तरांनी टेबलावर हात आपटला. डिंकाची बाटली हलली. "अकरा वर्षं मी या माणसाशी भांडतोय. त्याचं वाक्य मला कुठेही ओळखू येतं. 'राग उत्स्फूर्त असेल. सळ्या आधी कापलेल्या होत्या.' हे तुम्ही लिहिणार? तुम्हाला असं लिहिता येतं?"

"नाही येत," काका म्हणाले.

"मग?"

काकांनी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. कात्रण, पाण्याचं भांडं, मुलीचं सासर. ऐकता ऐकता मास्तर हळूहळू खुर्चीत बसले.

"माझ्या पक्षाची माणसं ती," ते म्हणाले. "त्यांच्या मिरवणुकीचे फलक मी रंगवलेत. फुकट." हातातला कागद त्यांनी पुढे केला. "यात मी लिहिलंय, की पत्र त्याचंच होतं, आणि पत्राला उत्तर पत्राने देतात. हे छापा. माझं नाव घाला, पत्ता घाला. मला मारायचं तर मारू देत."

"मास्तर, तुम्हाला नाही मारणार. तुम्ही त्यांचे. हे छापलं की ते परत त्याच्याकडेच जातील."

मास्तरांनी कागद परत घेतला. मग त्यांनी तो फाडला, चित्रकाराच्या हाताने, दुमडून, नखाने घडी घालून, सरळ रेषेत. तुकडे खिशात टाकले.

"अजून दोन मुद्दे राहिले होते पुलाचे," ते म्हणाले. "त्याने विचारलं होतं, उतरतो कुठे. मी उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं उत्तर होतं हो." उठताना त्यांनी खुर्ची जागेवर सरकवली. "आता मी भांडू कुणाशी?"

त्यानंतर मास्तरांचं पत्र आलं नाही.

महिन्याने कंपाउंडर घरी आल्याचं कळलं, तेव्हा काका भेटायला गेले. पत्ता शोधावा लागला नाही, पाठच होता. खिडकीजवळच्या पलंगावर तो उशांना टेकून बसला होता. जबडा अजून बांधलेला, चष्म्याला नवी काच. उजवा हात धड होता. मांडीवर वही आणि पेन. बायकोने काकांना खुर्ची दिली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"कसं वाटतंय?" काकांनी विचारलं. या प्रश्नाचा त्यांना लगेच राग आला, पण दुसरा सुचला नव्हता.

कंपाउंडरने लिहिलं, 'सुपाचा कंटाळा.' मग खाली, 'खुलासा वाचला. दवाखान्यातल्या नर्सने आणून दिला.'



'पत्र माझं होतं.'

"हो."

'चाळीस वर्षांत मी एवढं चांगलं काही लिहिलं नाही.'

"ठाऊक आहे मला."

कंपाउंडरने वहीतलं एक पान फाडून त्यांच्या हातात दिलं. आधीच लिहून ठेवलेलं होतं, ठळक अक्षरात, खाडाखोड न करता. 'सळ्यांसंबंधीचे पत्र मीच लिहिले होते. त्यातील प्रत्येक शब्दावर मी ठाम आहे.' खाली पूर्ण नाव, घर नंबर, गल्ली.

काकांनी मान वर केली. दारात त्याची बायको उभी होती. पदर तोंडात धरून ती फक्त मान हलवत होती: नको, नको, नको.

खोलीत तिघंच होते, आणि काकांना वाटलं, त्या दुपारी आलेले चौघेही अजून इथेच आहेत. नुसते बसून आहेत. त्यांना आता हात उचलायचीही गरज नाही. राहिलेलं काम करायला मी आलोय.

एकतीस वर्षांत काकांनी पत्रं कापली, अक्षरं बारीक केली, शब्दकोडं उचलून दुसऱ्या पानावर टाकलं, पण जे बोलू नये ते कुणा पत्रलेखकाला एकदाही बोलले नव्हते. ते आता त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"या आठवड्यात जागा नाही, कंपाउंडर."

 कंपाउंडरने वही ओढून लिहिलं, 'पुढच्या?'

"बघू."

चाळीस वर्षं तो दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी उभा राहिला होता. नातेवाइकांना 'बघू' कधी म्हणतात, ते सांगताना डॉक्टरांची नजर कुठे जाते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याने काकांची नजर शोधली. ती जमिनीवर होती.

त्याने पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि बायकोला खूण केली, पाहुण्यांना चहा कर.