न शिंपडलेलं पाणी

आचे प्रांतातल्या त्या गावाची रीत अशी, की वैर मिटवायचं तर ज्याचं नुकसान झालं त्यानेच समोरच्यावर पानांच्या जुडीने पाणी शिंपडायचं आणि आपल्या हाताने पिवळा चिकट भात भरवायचा. त्यानंतर त्या वैराचा शब्दही काढायचा नाही. म्हणूनच साल्बिया अडून बसली होती.

"वहिनी, रझाली आता जिल्ह्याचा प्रमुख झालाय," गावप्रमुख मुखलिस काकुळतीला आला. "त्याने मंजूर करायचा आपला पूल तुमच्या दोन शिंतोड्यांवर अडलाय."

"युनूसला कुठे पुरलंय ते सांगू दे त्याला. शिंतोडे कसले, घागर ओतते."

विधीच्या दिवशी मुखलिसच्या घरी रझाली आला तो पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. वेगळ्या देशासाठी बंदूक घेऊन जंगलात फिरायचा, तेव्हा साल्बियाच्या चुलीपुढे बसून जेवलेला. पुढे त्याच्याच माणसांनी तिच्या नवऱ्याला, युनूसला, सैन्याचा खबऱ्या ठरवून घरातून नेलं. मग तह झाला, निवडणूक झाली, आणि याच गावाने त्याला भरभरून मतं दिली.

तो गादीवर बसला, गुडघ्यांवर तळवे उताणे ठेवले. साल्बियाने जुडी पाण्यात बुडवली, पण वर उचलली नाही.

"कुठे पुरलंस त्याला?"

"वहिनी, लढाईचे दिवस होते ते..."

"दिवस मला माहीत आहेत. जागा सांग."

इमामाने घसा खाकरला. मुखलिस दबक्या आवाजात म्हणाला, "अहो, लोक बघतायत."

"बघू देत. मतं देताना बघितलं नाही, आता बघतील."

रझालीने तिच्याकडे वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो खरंच आठवत होता. शेवटी त्याने हळूच विचारलं, "कुठला युनूस?"

साल्बियाने जुडी भांड्यातच सोडली आणि भाताची परात उचलून मागे बसलेल्या बायकांपुढे सरकवली. "खा गं. शिजवलेलं अन्न आहे, वाया कशाला घालवायचं?"

जुडीला हात लावायला कोणी धजेना. अवघडून रझालीने स्वतःच भांड्यात बोटं बुडवली आणि कपाळावर पाणी शिंपडून घेतलं. बायकांमधून कोणीतरी फिस्सकन हसलं. त्याचे कान लाल झाले.

"मी शोधायला लावतो, वहिनी. पण आज गावासमोर..."

"आधी शोध," साल्बिया भांडं उचलत म्हणाली. "त्याची हाडं घेऊन ये. मग ताजं पाणी काढते."

तिने ते पाणी अंगणात ओतलं आणि घरची वाट धरली.