शिरीनबाईंचा जड लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. चंद्रपुरात शिरीनबाईंच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझी एक बिजागरी सैल झाली आहे आणि कळांवरची निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत. हल्लीचे लॅपटॉप वहीसारखे हलके असतात. मला उचलायचं तर अजूनही दोन हात लागतात.

माझा जन्म दूरदेशी एका कारखान्यात झाला. त्यातलं पांढरा उजेड, हातमोजे घातलेली बोटं आणि मग खोक्यातला लांबलचक अंधार एवढंच आठवतं. माझी खरी गोष्ट सुरू होते ती २००२च्या उन्हाळ्यात, नागपूरच्या सीताबर्डीवरच्या एका दुकानात.

शिरीन तेव्हा नुकतीच नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करत होती. काम जरा वेगळं होतं. कारखान्यातल्या मोठ्या यंत्रांच्या पेटीत एक छोटा डबा असतो, त्याला पीएलसी म्हणतात. कोणती मोटर कधी चालू करायची आणि कधी थांबवायची, हे तो डबा ठरवतो. पण तो स्वतःहून शहाणा नसतो. त्याला शिकवावं लागतं, आणि शिकवायला लॅपटॉप लागतो.

तिच्यासोबत तिचे अब्बा, खुर्शीदभाई आले होते. चंद्रपुरात त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. दुकानदाराने माझ्या शेजारी एक चंदेरी, सडपातळ लॅपटॉप मांडला. अब्बांची नजर त्याच्यावरच खिळली. शिरीनने मात्र मला पाठमोरं फिरवलं आणि मागच्या खाचा बघितल्या. मग मला उचलून थेट फुटपाथवर नेलं. भर उन्हात माझा पडदा वाचता येतो का, हे तिला पाहायचं होतं. ऊन मला झोंबलं, पण अक्षरं दिसली.

"हा त लयच जड आहे, बेटा," अब्बा म्हणाले. "रोज खांद्यावर नेशील कशी?"

"नेईन. मले मागचा हा सिरियल पोर्ट पाह्यजे, अब्बा. आपल्याकडच्या मशीनले वायर इथूनच लागते. त्या चंदेरीले हा पोर्टच नाई."

अब्बांनी पुन्हा एकदा त्या चंदेरी लॅपटॉपकडे पाहिलं आणि मान डोलावली. अशी माझी निवड झाली.

पुढची काही वर्षं मी फार सुखात काढली. एसटीच्या खिडकीशी शिरीनच्या मांडीवर बसून मी गडचिरोलीला जायचो. कधी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, कधी सावली गावाकडच्या राइस मिलमध्ये. मोहर्लीच्या जंगलातल्या रस्त्यावर एकदा वाघासाठी सगळ्या गाड्या थांबल्या होत्या, तेव्हा ती माझ्यावर प्रोग्राम लिहीत बसली होती. वाघ गेला, तिला कळलंही नाही. तांदळाच्या मिलमधलं तूस माझ्या पंख्यात शिरायचं आणि मी धापा टाकायचो. घरी आल्यावर ती मऊ कुंचल्याने मला साफ करायची. मिलमधले लोक मला पाहिलं की म्हणायचे, "आली बाई आपली पेटी घेऊन. आता चालू होते मशीन." हे ऐकून मला अभिमान वाटायचा. आपल्याला सगळं कळतं, असं मी समजू लागलो होतो.

मग एक नवा लॅपटॉप घरात आला. हलका, वेगवान. त्यात शिरीनची काही चूक नव्हती. तिचे खांदे दुखायचे. मी कपाटावर गेलो, माझ्यावर रजया आल्या. माझी बॅटरी हळूहळू मेली. अंधारात पडून राहण्याचं दुःख होतंच, पण कोणी आपल्याला काही विचारत नाही, याचं जास्त होतं.

२००८च्या हिवाळ्यात एक दिवस रजया बाजूला झाल्या. सावलीच्या पत्रूभाऊंची मिल अडली होती. तिथली पीएलसी जुनी, आणि नव्या लॅपटॉपचं तिच्याशी काही केल्या बोलणं जुळेना. शिरीन मला घेऊन निघाली.

मिलमध्ये धान खालून वर नेणारा एक एलिव्हेटर असतो. त्याचा तळ खड्ड्यात असतो आणि खड्ड्यावर झाकण. झाकण उघडं असेल तर एलिव्हेटर चालू व्हायचा नाही, अशी ओळ शिरीननेच पूर्वी प्रोग्राममध्ये लिहिली होती. झाकणाचा स्विच आता धुळीने खराब झाला होता. झाकण बंद असूनही मशीन सारखी थांबत होती.

"ते झाकणाचं काढूनच टाका प्रोग्रामातून," पत्रूभाऊ म्हणाले. "वाफेवरचं धान आहे, बाई. ओलं पडून राह्यलं त उद्यापर्यंत वास सुटन."

"स्विच बदलावा लागते, भाऊ."

"बदलू ना. आज त चालू करून द्या."

शिरीनने मला जवळ ओढलं. धान खरंच खराब होणार होतं. तिने ती ओळ खोडली. बदललेला प्रोग्राम माझ्या पोटात तयार होता. पाठवू का, असं मी पडद्यावर विचारलं. आता एक कळ दाबायची, एवढंच उरलं होतं.

तिचं बोट कळेवर होतं, पण नजर पडद्यावरच्या झाकणाच्या खुणेवर गेली. झाकण बंद असलं की ती खूण हिरवी दिसते, उघडलं की विझते. स्विच बिघडल्यामुळे सकाळपासून ती लुकलुकत होती. आता ती लुकलुकत नव्हती. नुसती विझलेली होती.

"भाऊ, खड्ड्यापाशी कोणी आहे काय?"

"कोणी नाई. सारे जेवाले गेले."

"मी पाहून येते."

"काऊन? मी सांगून राह्यलो ना."

ती गेलीच. आम्ही होतो त्या केबिनमधून खड्डा दिसत नव्हता आणि बाकीच्या यंत्रांच्या आवाजात हाक ऐकू जायची नाही. मी टेबलावर उघडा होतो, माझा प्रश्न तसाच पडद्यावर होता. कोणी येऊन कळ दाबली असती, तर मी क्षणात प्रोग्राम पाठवला असता आणि एलिव्हेटर फिरू लागला असता. मला काहीही वाटलं नसतं.

पुढचं मी त्यांच्या बोलण्यातून ऐकलं. झाकण टेकवून उभं केलं होतं आणि सुकरी नावाची कामकरीण खड्ड्यात वाकून, एलिव्हेटरच्या तळात खांद्यापर्यंत हात घालून होती.

पत्रूभाऊंनीच हात देऊन तिला वर काढलं. केबिनपाशी आणून बसवलं.

"कोणी सांगतलं तुले उतराले?"

"कोणीच नाई, भाऊ. धान अडकलं होतं. काढलं त मशीन लवकर चालू होईल म्हून उतरली."

मग पत्रूभाऊ म्हणाले, "बाई, ते जसं होतं तसंच राहू द्या. धान गेलं त गेलं."

शिरीनने खोडलेली ओळ पुन्हा लिहिली. नवा स्विच दुसऱ्या दिवशी चंद्रपूरहून आला, तोवर बरंचसं धान आंबलं होतं.

घरी तिने अब्बांना सगळं सांगितलं. "मी ओळ खोडली होती, अब्बा."

"पाठवली त नाई ना?"

"पाठवणारच होती."

अब्बांनी तिच्यापुढे चहाचा कप सरकवला आणि तिच्याजवळ बसून राहिले.

आता नवी मुलं-मुली फोन करून शिरीनबाईंना विचारतात, साइटच्या कामाला लॅपटॉप कोणता घ्यावा. त्या सगळं सांगतात: पोर्ट पाहा, उन्हात पडदा पाहा, बॅटरी किती टिकते ते पाहा. शेवटी म्हणतात, "आणि पाठवायच्या आधी एकदा मशीनपाशी जाऊन या. कोणताही घेतला तरी त्याले दिसत नाई."

पूर्वी हे ऐकून मला अपमान वाटला असता. आता वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं जुनं यंत्र रजयांखाली पडलं असेल. त्याच्या पंख्यातली धूळ काढा, अधूनमधून त्याला वीज द्या. बॅटरी अंधारात मरते, हे मी भोगलं आहे. आम्हाला जपा, पण सगळं आमच्यावर सोपवू नका. तुम्ही 'हो' म्हणालात की आम्ही तेवढंच ऐकतो. पलीकडे कोण वाकून काम करतंय, हे पाहून यायला आम्हाला पाय नाहीत.