कागदी डोंगरांवरचं पाणी

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. भिंतीवर लटकणारा चपटा नव्हे हं! मला सात डोंगर आहेत, दोन नद्या आहेत, आणि पोटात नुसता भुसा. ब्रेस्तोवीन गावच्या शाळेत माझा जन्म झाला.

त्सोन्काबाईंनी मला घडवलं. तेव्हा त्या तरुण होत्या आणि त्यांचे पाय बकरीचे होते. पाण्याची अर्धी बाटली घेऊन त्या सगळे डोंगर चढल्या. बाटली आडवी धरायची, आतलं पाणी कुठे कलतंय ते बघायचं, वहीत टिपायचं. मग जुने पेपर, पिठाची खळ, वर रंग. आमचं गाव इतकं उतरतं की जेवताना वाटाणा हातातून सुटला तर तो खालच्या गल्लीत कुणाच्या तरी ताटात सापडतो. खोटं वाटतं? या, सोडून बघा.

पोरांचा मी फार लाडका. एकदा माझ्या उत्तरेच्या डोंगरात उंदरानं बीळ केलं, तर एका पोरीनं परीक्षेत लिहिलं, 'या डोंगरात एक भयंकर प्राणी राहतो.' बाईंनी पूर्ण गुण दिले. राहत होताच ना!

मला मात्र एक गोष्ट छळायची. मी ज्या गावाचा नकाशा, ते गाव मी कधी पाहिलंच नव्हतं! खिडकीतून दिसायचं एक अक्रोडाचं झाड, आणि ते माझ्यावर नव्हतं. मग आणखी काय काय राहून गेलं असेल? खऱ्या नद्या माझ्यासारख्याच निळ्या असतील?

पुढे छापील नकाशे आले आणि मी कपाटावर गेलो. धूळ अशी साचली की माझ्या डोंगरांवर बारा महिने बर्फ.

एका सकाळी म्हाताऱ्या बाई हातगाडी घेऊन आल्या. "चल रे, ऊठ. तुझं काम निघालंय." रस्ता सगळा उताराचा, त्यामुळे बाईंनी गाडी नेली नाही, गाडीनंच बाईंना नेलं. आणि मी गाव पाहिलं! डोंगर तसेच, वळणं तशीच. नदी मात्र निळी नव्हती, ताकासारखी होती.

आम्ही थांबलो ते सुहावर. सुहा म्हणजे दोन डोंगरांमधला गोट्यांचा कोरडा पट्टा. बाईंनी माझ्यावर तिची खोलगट रेघ काढली होती, पण रंग दिला नव्हता. मेतोदी पाववाल्यानं जन्मभर भाड्याच्या खोलीत पाव भाजला. आता त्याला इथे स्वतःची बेकरी बांधायची होती, वर लेकीचं घर. गावात एवढी सपाट जागा दुसरी नव्हतीच.

नवं काम सुरू करताना आमच्याकडे वाटेवर पाणी ओततात, काम पाण्यासारखं सुरळीत जावं म्हणून. मेतोदीची लेक झ्लाती तांब्याचा घडा घेऊन उभीच होती.

"बाई, पुन्हा तेच?" मेतोदी कावला. "माझ्या आजोबांच्या लग्नापासून सुहाला पाणी नाही!"

"त्या लग्नात वऱ्हाड होडीतून आलं होतं."

"या वयात थापा?"

"मारते की! पण नकाशावर नाही मारत. तुझी आगपेटी दे."

बाईंनी ती आगपेटी माझ्या कोरड्या रेघेवर ठेवली. "ही तुझी बेकरी. झ्लाती, पोरी, पाणी ओतायचंच आहे ना? मग इथे ओत, या वरच्या डोंगरावर."

"अहो बाई, विरघळेल ना तो!"

"मला सांगतेस? मीच केलाय."

झ्लातीनं घडा कलता केला. पाणी धावलं. दोन्ही नद्यांनी आपापला वाटा उचलला आणि उरलेलं सगळं सुहात शिरलं. माझा दक्षिणेचा डोंगर खचला. आगपेटी गरागरा फिरली, काठावरून उडाली आणि मेतोदीच्या बुटावर पडली.

"कागदाचे तर डोंगर," तो पुटपुटला.

"कागद माझा," बाई म्हणाल्या, "उतार तुझ्या गावाचा."

मेतोदीनं बुटावरची भिजलेली आगपेटी उचलली. मग झ्लातीनं घडा काखेत घेतला. "बाबा, फावडं उचला. वर जाऊ या. थोडं पाणी अजून आहे यात."

बेकरी उभी राहिली बासष्ट पायऱ्या वर. "पाव आणायला आलोय की ढग धरायला?" म्हणत लोक धापा टाकत यायचे. तिसऱ्या वसंतात बर्फ वितळलं, त्यात पाऊस, आणि सुहा आली! दोन पिंपं आली, कुणाचं तरी दार आलं, दारावर एक कोंबडी, आणि ती अंडी उबवत बसलेली. आगपेटीच्या जागी पुरुषभर पाणी. वर मेतोदीचा पाव मात्र वेळेवर फुगला.

माझा खचलेला डोंगर त्यानंच बांधला, मीठ घालून मळलेल्या कणकेचा. सुहाची रेघही निळी केली. आता मी बेकरीच्या खिडकीत असतो. समोर सगळं गाव. रोज ताडून बघतो, कधीकधी गावच चुकतं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही शाळेत कपाटावर कुणी धूळ खात बसलं असेल तर त्याला खाली उतरवा, पुसा, चार प्रश्न विचारा. आणि इथे काही बांधायचं असेल तर आगपेटी घेऊन माझ्याकडे या. पाणी मात्र बेतानं ओता. तेवढा एकच डोंगर कणकेचा आहे, बाकीचे अजून कागदाचेच आहेत.