सहा फूट बाय अडीच

मनवाला वाटलं होतं, मुलं आपापली घरं घेऊन येतील. कोणी भायखळ्याच्या खोलीतल्या पोटमाळ्याची शिडी आणील, कोणी खोताच्या वाडीतल्या लाकडी जिन्याचा कठडा, कोणी आईने मोरीच्या भिंतीत साबणासाठी कोरून घेतलेला कोनाडा. कोपनहेगनला इंटिरियर आर्किटेक्चर शिकताना ती चार वर्षं वर्गात याच गोष्टींबद्दल तावातावाने बोलली होती, आणि तिथली नोकरी सोडून दादरच्या या कॉलेजात शिकवायला आली तीही याच भरवशावर. प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या सोमवारी ‘प्रेरणास्रोत’ म्हणून भिंतीवर जे कागद टाचले त्यांत मधमाश्यांची सात पोळी होती, चार फुलपाखरं होती, आणि उरलेल्या कागदांवर फोनवरून उतरवलेल्या पांढऱ्याशुभ्र खोल्या होत्या. फिकट लाकडाची जमीन, एक खुर्ची, एक रोप, खिडकीबाहेर बर्फ. त्यातली एक खिडकी तर तिच्या ओळखीची निघाली. जे गाव सोडून ती आली होती तेच गाव तिच्या आधी दादरला येऊन बसलं होतं.

तिने सगळे कागद उतरवले आणि नियम केला. फोन बंद. प्रत्येकाने एक राहती खोली निवडायची, आठवडाभर तिथे बसायचं, आणि खोलीतलं माणूस दिवसभर जिथे जिथे वावरतं ती वाट नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून आखायची. माणसागणिक वेगळा कागद, वेगळा रंग.

“खोलीत जो कोणी असेल त्याची रेघ आलीच पाहिजे, पाहुण्याचीसुद्धा,” ती म्हणाली. “आपली रेघ ओढण्याआधी तिथे कोण आहे ते बघा. जो आहे त्याला आधी जागा द्या. प्रेरणा म्हणजे याहून वेगळं काही नसतं.”

“मॅडम, आमच्या घरात रेघा नाय, गोधडी होईल,” मागून रंजिता म्हणाली आणि वर्ग हसला.

रंजिता लालबागची. दहा बाय बाराची खोली, तीत आई, बाबा, काका, ती आणि मोठा भाऊ दीपेश. दीपेश गेली नऊ वर्षं बाहेरच्या गॅलरीत झोपत होता, पण चाळीच्या दुरुस्तीसाठी गॅलरीला टेकू लागले होते, आणि एक तारखेपासून तिथे कोणी झोपायचं नाही अशी नोटीस लागली होती. आत जागा नाही, म्हणून त्याने बदलापूरला मित्राच्या खोलीवर जायचं ठरवलं, आणि आईने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं.

“मला दुसरी कसली प्रेरणा नकोय मॅडम,” तास संपल्यावर रंजिता एकटीच मागे थांबून म्हणाली. “मला फक्त त्याच्या झोपण्यापुरती जागा काढायचीय.”

परत आल्यापासून असं एखादं वाक्य कानावर पडावं म्हणून मनवा तळमळत होती. “काढू,” ती म्हणाली.

आठ दिवसांनी पाच कागद काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवून खालचा दिवा लावला, तेव्हा खरोखरच गोधडी झाली होती. लाल आई, निळे बाबा, हिरवा काका. मोरी आणि ओटा यांच्यामध्ये तर कागद दिसेनासा झाला होता. फक्त खिडकीखाली, भिंतीला लागून, एक पट्टा कोरा राहिला होता. त्याच्या कडा पट्टीने मारल्यासारख्या सरळ होत्या. मनवाने मोजला. सहा फूट बाय अडीच.

“इथे काय आहे? कपाट?”

“काही नाही. मोकळंच आहे.”

“मोकळं? तुमच्या खोलीत?”

रंजिताने वाकून पाहिलं. आठ दिवस तिनेच रेघा ओढल्या होत्या, पण तो पट्टा ती आत्ता पाहत होती. “म्हणजे... तिथे जात नाही आपण.”

“का?”

“का म्हणजे?” भिंतीतून आरपार का जात नाही असं कोणी विचारावं तशी ती बघत राहिली.

मनवाला त्यानंतर स्वस्थ बसवेना. रविवार उजाडेपर्यंत तिने स्टाफरूममधलं बाक मोजलं, बसथांब्यावरची बैठक मोजली, फणसवाडीतल्या आपल्या घराच्या पॅसेजमध्ये खडूने सहा बाय अडीच आखून पाहिलं. चांगली ऐसपैस जागा होती. त्यात एक माणूस सहज मावत होतं.

रविवारी सकाळी ती लालबागला गेली. रंजिताची आई, मालनबाई, दारातच म्हणाली, “या मॅडम. डेन्मार्क म्हणजे ती निळ्या डब्यातली बिस्किटं येतात तेच ना? आमच्याकडे हाय तो डबा. सुई-दोऱ्याचा.”

“सांभाळून या हां,” आतून दीपेश ओरडला. “एक पाऊल जास्त टाकलंत तर थेट मोरीत.”

“बदलापुरात लय मोठी मोरी असेल म्हणावं कोणाला तरी,” मालनबाई छताकडे बघून म्हणाली.

घर बोलकं होतं. तरी खिडकीच्या बाजूला कोणी सरकलं की त्याचा आवाज आपसूक खाली येत होता. मनवा दाराजवळच्या स्टुलावर बसून पाहत राहिली. खिडकीतल्या दोरीवर कपडे टाकताना मालनबाई ओट्याकडून अंग लांबवून, काठीने एकेक कपडा तिकडे सारत होती. दोन पावलं पुढे झाली असती तर हात पोचला असता. काकांच्या पेपरचं एक पान वाऱ्याने उडून खिडकीखाली पडलं, तशी त्यांनी बातमी अर्ध्यावर सोडली आणि दुसरं पान उघडलं. बऱ्याच वेळाने तुळशीदासांनी, म्हणजे रंजिताच्या बाबांनी, न बघताच केरसुणीने ते ओढून घेतलं. मनवा जेवून आली होती; पाच ताटं गुडघ्याला गुडघा लावून मांडली गेली. त्या बाजूला पाठ करून बसलेला दीपेश जेवणभर ताठ बसला होता, एकदाही मागे रेलला नाही. कोणाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्यांना काही ठाऊकच नव्हतं.

मनवा उठली, खिडकीशी गेली, खाली रस्त्यावर गणपतीच्या कारखान्यात मातीची पोती उतरवणारा टेम्पो तिने पाहिला, आणि वळून म्हणाली, “ही काय जागा! इथे पेटीचा दिवाण बसतो. वर दीपेश झोपेल, खाली तुमची भांडी राहतील.”

मग सगळे एकदमच हसायला लागले.

“अगो बाय! एवढी वर्षं दिसली कशी नाय?” मालनबाई म्हणाली.

“मॅडम डेन्मार्कहून आल्या तेव्हा आपलीच खोली आपल्याला मिळाली,” तुळशीदास म्हणाले. मालनबाईने भाताचं पातेलं उचललं, दीपेशकडे वळली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. “घे रे. अर्धपोटी उठू नको.”

दीपेश खाली मान घालून जेवला. रंजिताचे डोळे भरून आले होते. चाळीचा जिना उतरताना मनवाला वाटलं, आपण परत आलो ते बरोबरच केलं.

गुरुवारी दुपारी दगडू मिस्त्री माप घ्यायला आला. त्याने खडूने फरशीवर चौकट आखली, तीही बाहेर उकिडवं बसून, हात लांब करून. मनवाला तिच्या कोपनहेगनच्या बाईंची शिकवण आठवली: कागदावरचं माप अंगाने तपासल्याशिवाय खरं धरायचं नाही. दीपेश तिच्याच उंचीचा. तिने ओढणी खोचली आणि ती चौकटीत आडवी झाली.

खांद्याखाली फरशी गार होती. भिंतीकडच्या अंगाला ती तितकी गार नव्हती. ओट्यावर चहा उकळत होता, रंजिता टेप गुंडाळत होती, खाली कोणीतरी पोत्यांचा हिशेब ओरडून सांगत होतं. गर्दीच्या घरात उशिरा येऊन शेजारी कोणी अंग टाकलं, की झोपलेलं माणूस जागं न होता गुडघे पोटाशी घेतं आणि जरासं भिंतीकडे सरकतं. तसंच झालं. आवाज नाही, स्पर्श नाही. कोणीतरी सरकून तिला जागा करून दिली, एवढंच.

“बरोबर बसतंय ना?” दगडूने विचारलं.

“मापात आहे,” मनवा म्हणाली. ती उठायला लागली तशी मालनबाई चहा गाळता गाळता म्हणाली, “हळू उठा हां.” आणि आपण असं का म्हणालो हे न कळून गाळणीकडे बघत राहिली.

निघताना रंजिताने एक गुंडाळी हातात दिली. “तुमचीपण काढलीय मॅडम. रविवारची आणि आजची. नियम तुमचाच.”

फणसवाडीतल्या घरी, आईवडील पुण्याला गेल्यापासून ती एकटीच राहत होती तिथे, मनवाने दिवेलागणीला ती गुंडाळी नकाशावर उलगडली. तिची रेघ जांभळी होती. रविवारी ती स्टुलावरून उठली होती, खिडकीकडे निघाली होती, आणि पट्ट्याच्या कडेशी येऊन, काटकोनात वळून, परत फिरली होती. तिने दोनदा बोटाने वाट चाचपली. टेम्पो तिला लख्ख आठवत होता, पोत्यांवरचा निळा शिक्काही. पण तो खिडकीतूनच दिसला असता, आणि खिडकीपाशी रेघ नव्हती.

आजच्या कागदावर रंजिताने तिची आडवी आकृती काढली होती, खांदे, कंबर, टाचा, सगळं मापात. मनवा पट्ट्याच्या मधोमध झोपली होती, अशी तिची खात्री होती. आकृती मात्र अगदी बाहेरच्या कडेला होती, एक हात खडूच्या रेघेबाहेर आलेला. भिंतीकडचा अर्धा भाग कोरा होता.

सकाळी तिला जाग आली ती पाठीत भरलेल्या चमकेने. आईवडिलांच्या रुंद पलंगाच्या अगदी काठावर ती अंग चोरून झोपली होती, हात खाली लोंबत होता, आणि भिंतीकडची सगळी बाजू तिने मोकळी सोडली होती. उशी मात्र दोघांत असावी तशी मध्ये सरकली होती.

चहा न घेताच ती खिडकीत बसली. दिवाण थांबवता आला असता. मग एक तारखेला दीपेश बदलापूरला जाईल, मालनबाई पुन्हा छताशी बोलायला लागेल, आणि रंजिता पुढच्या सोमवारी भिंतीवर फुलपाखरू टाचेल. आणि तो आहे तसाच करायचा, तर अडीच फुटांत दोघांनी रोज अंग चोरून निजायचं. तिने कागद पुढे ओढला, अडीच खोडून चार लिहिले आणि फोन लावला.

“बोला मॅडम,” दगडू मिस्त्री म्हणाला. मागे करवत चालू होती. “फळ्या कापायलाच बसलोय.”

“थांबा. चार फुटांचा करा.”

करवत थांबली. “चार? खोलीत पाय ठेवायला जागा उरायची नाय. पोरगा एकटाच निजणार ना?”

“दीपेशला बाहेरच्या बाजूला झोपायला सांगेन मी. वाढवायचं ते बाहेरच्या अंगाने वाढवा. बसवताना भिंतीकडे ठोकाठोक नको.”

दगडूने का म्हणून विचारलं नाही. “बरं,” तो म्हणाला, अगदी हलक्या आवाजात, कोणी निजलेलं असताना बोलतात तसं. फोन ठेवल्यावर मनवाच्या ध्यानात आलं की बाहेर चांगलं ऊन आलं होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि तरी तीसुद्धा मघापासून तशीच बोलत होती.