पहिला बाक कोणाचा?

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. तुमच्या शाळेतला नव्हे. मूर्तिजापूरहून अकोल्याकडे जाताना एक लहानसं गाव लागतं, तिथल्या चर्चमधला. मेळघाटच्या सागाचा. पहिल्या रांगेतला.

म्हाताऱ्या वस्तूंनी आपली गोष्ट सांगताना थोडं रडावं, अशी पद्धत आहे. मी रडणार नाही. माझ्यावर बसून इतके लोक रडले आहेत, की माझ्या वाट्याचं केव्हाच रडून झालं.

*घडवला*

एका गोऱ्या पाद्र्यानं मला बनवून घेतलं. सुतार गावातलाच होता. त्यानं माझ्या पाठीवर वेलबुट्टी काढली आणि वेलबुट्टीच्या मधोमध, पाद्र्यानं कागदावर लिहून दिलेले दोन शब्द कोरले : *सरकारकरिता राखीव*. सुताराला वाचता येत नव्हतं. तीही नक्षीच आहे असं समजून त्यानं ते फार मन लावून कोरलं.

त्या काळी वऱ्हाड कागदावर निजामाचा होता आणि कारभार इंग्रजांचा. चर्चमध्ये प्रार्थना व्हायची ती विलायतेच्या राणीसाठी. पुढे राजासाठी. मग दुसऱ्या राजासाठी. नाव बदलायचं, आमेन तेच.

*बसले*

हिवाळ्यात जिल्ह्याचा साहेब दौऱ्यावर यायचा आणि माझ्यावर बसायचा. मंडळी खाली सतरंजीवर. साहेब नसेल त्या रविवारीही मंडळी सतरंजीवरच, आणि मी रिकामा.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा चर्चच्या आवारात धान्य वाटलं गेलं. धान्य सरकारचं, वाटणारे हात पाद्र्याचे. भुकेल्या माणसाला कळेना, हात जोडायचे कोणासमोर? देवासमोर की साहेबासमोर? साहेबाला तो घोटाळा आवडला. पाद्र्यालाही आवडला. मला आवडला नाही, पण बाकाला कोण विचारतो!

बेचाळीस साली माझ्यावर एक फौजदार येऊन बसला. तोवर गोरा पाद्री जाऊन आमच्यातलाच पाळक आला होता. पाळकानं कोणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाला, "बंद दाराआड जे आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करू." आमेन म्हणावं की नाही हे फौजदाराला ठरवता येईना. त्याच्या बुटाची टाच नुसती फरशीवर वाजत राहिली.

मग साहेब गेले. झेंडा बदलला. चर्चमध्ये आणखी बाक आले, मंडळी सतरंजीवरून उठून त्यांच्यावर बसली. माझ्यावर मात्र तरीही कोणी बसेना! मित्रांनो, माणूस जातो, पण त्याची भीती त्याच्या जागेवर बसून राहते. ती माझ्यावर बसली होती, आणि साहेबापेक्षा जड होती.

*कोसळली*

सुभद्रा नावाची एक बाई होती. तिचा तरुण मुलगा तापानं गेला. माती झाल्यावर पहिल्याच रविवारी ती चर्चला आली. चालत पुढं आली, पुढं येतच राहिली, आणि वेदीच्या जवळ पोचली. ती माझ्यावर कोसळली.

सगळं चर्च पाहत होतं. सुभद्रा रडत होती. तिची पाठ त्या दोन शब्दांवर टेकली होती.

कोणी तिला उठवलं नाही.

पुढच्या वेळी कोणाच्या घरी माती झाली, तेव्हा पाळकानं त्या घरच्यांना हात धरून माझ्यावर आणून बसवलं. तेव्हापासून आमच्याकडे हाच रिवाज आहे. ज्या घरी माती झाली, ते घर पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर. मग ते घर शेतमालकाचं असो की मजुराचं. आणि राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना? ती आजही दर रविवारी होते. होऊ द्या. त्यांना तिची गरज आहे.

*टॉवेल*

आता हल्लीची गोष्ट.

देवानंद वारला. तो आणि त्याची बायको पार्बताबाई झेंडू-शेवंती लावायचे आणि मूर्तिजापूरच्या बाजारात विकायचे. आमचं कबरस्तान कधीचंच भरलं आहे. देवानंदसाठी जागा उरली नव्हती, म्हणून त्याच्या आईचीच कबर उघडून त्याला तिच्यावर ठेवावं लागलं. कबरस्तानाला लागून सरकारी पडीक जमीन आहे. ती मिळावी म्हणून मंडळी अर्ज करून थकली.

आणि त्याच आठवड्यात निरोप आला. मंत्रीसाहेब रविवारी चर्चला भेट देणार.

शनिवारी पार्बताबाई वेदीवर फुलं ठेवायला आली. मंडळीचे सेक्रेटरी वामनराव माझ्या पाठीवर पांढरा टॉवेल अंथरत होते. सरकारी कचेरीत मोठ्या साहेबाच्या खुर्चीवर असतो ना, तसा.

"पार्बता, उद्या तू दुसऱ्या रांगेत बस."

"काहून जी?"

"मंत्रीसाहेब येऊन राहिले. जमीन त्याईच्याच हातात हाय."

"मंग त्याईले खुर्ची द्या. चांगली गादीवाली द्या."

"खुर्चीत मान नाई वं! पयला बाक म्हनजे पयला बाक." वामनराव खाली बसले. त्यांचा आवाज मऊ झाला. "हे पाह्य, तुह्यावर जे बेतलं ते दुसऱ्यावर नोको बेतू देऊ. सासूच्या अंगावर नवऱ्याले ठेवा लागलं तुले. एका रविवारचा तर सवाल हाय."

पार्बताबाईनं फुलं ठेवली, खाली पडलेल्या पाकळ्या पदरात गोळा केल्या आणि ती गेली. खरं सांगतो, मला वाटलं ती ऐकेल. वामनराव काही वाईट माणूस नाहीत. ते खोटंही बोलत नव्हते.

*उठा*

रविवारी ती सर्वांच्या आधी आली. टॉवेल उचलला. त्याची नीट चौकोनी घडी केली, बाजूच्या खिडकीत ठेवली आणि माझ्यावर बसली.

उपासना सुरू झाली. पाळक धर्मपाल राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करू लागले, आणि नेमके तेव्हाच राज्यकर्ते आले. आधी गाड्यांचे दरवाजे वाजले. मग फोटोवाला. मग पी.ए. मग साहेब.

पी.ए. वाकला. "आजी, उठा. साहेब आले."

पार्बताबाईनं त्याच्याकडे वर पाहिलं. "कोन मेलं बा, साहेबाच्या घरी?"

"अहो, काय बोलता! शुभ बोला."

"कोनी नाई मेलं न? देवाची दया. मंग त्याईले मांगं बसवा. इथं माती झालेल्या घरचे बसतात."

मागून कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. वामनराव घाम पुसत पुढं आले. "पार्बता, जमिनीचा इचार कर!"

"केला न, वामनभाऊ. सारी रात केला. जमीन मांगाले मी तहसीलवर येतो तुमच्यासंगं. उन्हात उभी राहतो. साहेबाच्या पायाही पडतो, पन तिथं. त्याईच्या दारात. इथं मी देवाच्या दारात हावो, अन् इथं ते बी माह्यासारखेच. इथून मी नाई उठत."

धर्मपाल पाळकांचे डोळे मिटलेले होते, प्रार्थना अर्धवट. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पार्बताबाईला बस म्हणाले नाहीत, उठ म्हणाले नाहीत. मला त्यांचा फार राग आला.

"बसू द्या, बसू द्या," साहेब हसून म्हणाले. ते बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. फोटोत त्यांच्या मागे झाडू आणि पाण्याची कॅन येत होती. उपासना संपण्याआधीच ते गेले. जमिनीबद्दल एक शब्द निघाला नाही.

*हलवला*

त्या दिवशी पार्बताबाईशी कोणी धड बोललं नाही. "हिच्या हट्टापायी आपल्याले जागा नाई भेटत," असं लोक तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले.

सोमवारी ती तहसीलवर गेली. दहा-पंधरा जण सोबत गेले. वामनरावही गेले.

"तुह्याचमुळे उन्हात यावं लागलं वं!"

"मंग टोपी घाला न. टक्कल तापून राहिलं तुमचं."

तिथं त्यांना पुढच्या सोमवारी या म्हणून सांगितलं. ते अजून जात आहेत.

पण मंडळीच्या पंचांनी ठरवलं, असा तमाशा पुन्हा नको. चौघांनी मला उचललं आणि सगळ्यांच्या मागं, दाराशी, भिंतीला लावून ठेवलं. पुढं गादीच्या नव्या खुर्च्या आल्या. मी चार पाय घट्ट रोवले होते, फरशीवर त्याचे ओरखडे आहेत. या, पाहून जा.

मग रागिणीचा सासरा वारला. त्यालाही जुन्याच कबरीवर ठेवावं लागलं. रविवारी रागिणी सासूला धरून आली. तिनं पुढच्या गुबगुबीत खुर्च्या पाहिल्या, मग मला शोधलं. दोघी दाराशी येऊन माझ्यावर बसल्या.

धर्मपाल पाळक वेदीपाशी उभे होते. त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं, आणि मिटलं. पायऱ्या उतरले. सगळ्या रांगा ओलांडून दाराशी आले आणि आम्हा तिघांसमोर उभे राहिले. उपासना तिथूनच सुरू केली.

थोडा वेळ मंडळी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. मग एक खुर्ची फिरली. मग दुसरी. बाक फिरवायला माणसं लागली, ती उठली. केवढा आवाज झाला! सगळं चर्च दाराकडे तोंड करून बसलं.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. मला वाळवी लागली तर लागू द्या, पॉलिश तर मुळीच करू नका. तुमच्या गावात देऊळ असेल, मशीद असेल, विहार असेल. तिथं सरकार आलं, तर त्याला पाणी द्या, खुर्ची द्या, रामराम करा. पण आधी एकदा मान वळवून पाहा, आज आपल्यात सगळ्यांत दुःखी कोण आहे. तो दाराशी बसला असेल, तर रांग तिथून सुरू करा.