पाठवणीची गाडी आणि रेसिंगचा क्लच

माझ्या सख्ख्या बहिणीच्या पाठवणीची गाडी शेवटी माझ्या चुलतभावाने, म्हणजे सत्यमने चालवली.

असं काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य चुकून पडलंय, तुम्ही ते वाचलंच नाही असं समजा. आपण नीट सुरुवातीपासून येऊ.

आम्ही बेगडेवाडीचे. आमच्या घराण्यात नवरीला सासरी तिचा सख्खा भाऊच पोचवतो. आधी बैलगाडीने पोचवायचे, मग ट्रॅक्टरने. माझ्या वडिलांनी, म्हणजे महिपती आबांनी, मुक्ता आत्याला ट्रॅक्टरने पोचवली. गडबडीत मागचा नांगर सोडायचा राहिला. आत्याच्या सासरी अजून सांगतात की सून आली ती वाटेतली दोन शेतं नांगरून आली. तरी आबांना कुणी नावं ठेवली नाहीत, कारण भाऊ सख्खा होता.

मला बहीण एकच, अनिता. म्हणजे जन्मात ही संधी मला एकदाच मिळणार होती.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि दसऱ्याला सत्यमने गाडी घेतली. पांढरी, उंच, ऑटोमॅटिक. तिला क्लच नाही, गिअर टाकायची भानगड नाही. अख्खी वाडी बघायला आली. आत्याला वडगावपर्यंत फिरवून आणली तर आत्या गाडीत झोपून परत आली. चारचौघांत डोळा न मिटणारी बाई, तोंड उघडं टाकून झोपली. तेव्हापासून आमच्याकडे कुठल्याही गाडीचं मोजमाप 'आत्या झोपेल का' यावर होतं. आबांनी तर त्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजवला. माझे स्वतःचे आबा. माझ्या गाडीचा हॉर्न त्यांनी एकदाच वाजवला होता, तोही बोनेटवरची शेळी उठवायला.

मला सत्यमचा हेवा वाटत नाही. मी फक्त रोज सकाळी त्याच्या गाडीकडे बघतो आणि मग मला चहा कडू लागतो.

नवी गाडी घेणं मला शक्य नव्हतं. माझी जुनी लाल गाडी आहे, आधीच्या मालकाच्या कुत्र्याचा वास येणारी. मग मी विचार केला. सत्यमच्या गाडीत काय नाही? क्लच नाही. म्हणजे माझ्या गाडीत जगातला सगळ्यात दांडगा क्लच पाहिजे. हे गणित मला तेव्हा बरोबर वाटलं. आजही त्यात चूक सापडत नाही.

सोमाटण्याच्या रतन मेकॅनिककडे एका शर्यतीच्या गाडीतून काढलेला क्लच पडून होता.

"हा रेसचा आहे," रतन म्हणाला. "रोजच्या गाडीला न्हाई चालत."

"आमची रोज रेसच असती."

"कुणाशी?"

"चुलतभावाशी."

रतनला पण चुलतभाऊ असावा. त्याने पुढे काही न विचारता जॅक लावला.

क्लचचं काम मध्यस्थाचं असतं. इंजिन फिरतंय, चाकं उभी आहेत, त्या दोघांचं जमवायचं. साधा क्लच ते रीतीने जमवतो: आधी कांदेपोहे, मग बैठक, मग साखरपुडा, आणि मग गाडी हळूच चालायला लागते. रेसिंगचा क्लच पळवून नेतो. पाय दाबलेला असेपर्यंत ओळख नाही, आणि पाय उचलला की लग्न लागलेलं असतं. मध्ये काही नाही.

पहिल्याच दिवशी रतनच्या दारातून गाडी निघाली आणि एका उडीत समोरच्या रसवंतीत जाऊन थांबली. रसवाल्याने मान वर न करता विचारलं, "आलं-लिंबू?" मी म्हटलं, टाक.

मी लोणावळ्याला एका रिसॉर्टच्या काउंटरवर काम करतो. रोज जुन्या हायवेने जाणं-येणं. मोकळ्या रस्त्याला गाडी वाघ. पण शनिवार-रविवारी लोणावळ्यात शिरलं की भुशी धरणाला निघालेली सगळी दुनिया रस्त्यावर असते, आणि तिथे गाडी सरपटवावी लागते. माझी गाडी सरपटत नाही. ती एक तर उभी असते किंवा पुढच्याच्या डिकीत असते. म्हणून मी पुढे भरपूर जागा सोडायचो आणि ती साठली की एक उडी घ्यायचो. एका रविवारी त्या जागेत एवढ्या गाड्या शिरल्या की मी पुढे जात असतानाही मागे मागे गेलो. ऑफिसातल्या एका बाईंना मी एकदा लिफ्ट दिली. कार्ल्यात त्या म्हणाल्या, माझं स्टेशन आलं, आणि उतरल्या. कार्ल्यात स्टेशन नाही.

शिवाय पेडल इतकं जड की ते दाबणं म्हणजे नको म्हणणाऱ्या बैलाला गोठ्यात ढकलणं. लग्नासाठी पँट शिवायला टाकली तेव्हा शिंप्याने डाव्या मांडीचं माप घेतलं, मग उजव्या मांडीचं घेतलं आणि विचारलं, "हा दुसरा माणूस कुटंय?"

तरी मी खूश होतो. सत्यमचे दोन्ही पाय सारखेच होते. त्याचा डावा पाय गाडीत बसून नुसता हवा खातो. अशा माणसाला खरं तर अर्धंच लायसन दिलं पाहिजे.

मग अनिताचं ठरलं. मुलगा लोहगडवाडीचा सुहास. गडाच्या पायथ्याला त्याचं पिठलं-भाकरीचं हॉटेल, माणूस शांत. लग्न मे महिन्यातलं. घरात बैठक बसली.

"सत्यमची गाडी घेऊ," आबा म्हणाले. "पोरगी नीट पोचंल."

"सख्खा भाऊ कोण?" मी विचारलं.

आत्याने सुपारी कातरता कातरता माझ्याकडे बघितलं. "भाऊ सख्खाय रं. गाडी सावत्र हाय."

सगळे हसले. सत्यम हसला नाही. तो म्हणाला, "माऊलीच नेईल आबा. त्याचा मान हाय. मी मागनं रिकामी गाडी आणतो, लागली तर लागली."

त्याचा हाच प्रॉब्लेम आहे. तो वाईट वागत नाही. मनापासून जळायचं म्हटलं तर समोरच्याने थोडी मदत करायला नको का?

शेवट अनितानेच केला. "दादाच नेणार मला. ल्हानपणी सायकलवरनं पाडलंय त्यानं मला, सवय हाय."

लग्न लागलं. जेवणं झाली, रडणं झालं. लाल गाडीवर झेंडूच्या माळा चढल्या. मागे अनिता आणि सुहास, शेल्याची गाठ तशीच, आणि त्यांच्या शेजारी वाटेच्या सोबतीला आत्या. मळवलीपर्यंत गाडी अशी गेली की झेंडूची निम्मी फुलं कामशेतकरांना मिळाली. भाजे गावानंतरचा चढ सुरू झाला, वळणावर वळणं आली, आणि क्लचने असा जोर धरला की आरशात सत्यमची पांढरी गाडी बारीक बारीक होत गेली. मी गाणं म्हणायला लागलो. सुहास कसलातरी जप करत होता.

लोहगडवाडीच्या वेशीवर डीजे उभा होता.

इथून मारुतीच्या देवळापर्यंत वरात. सगळा चढ. वरातीचा वेग काही मोजता येत नाही. शेजारची झाडं तिच्यापुढे निघून जातात. पोरं गाडीच्या तोंडासमोर नाचायला लागली आणि मला गाडी वीतभर सरकवायची होती. मी पाय उचलला. गाडीने उडी घेतली, नाक खाली घातलं, शेपूट वर केलं आणि थांबली. परत उचलला. परत तेच.

पुढचं एक पोरगं ओरडलं, "अय, गाडी नाचतीय!"

डीजेवाल्याने तेवढ्यात ताल बदलून गाडीशी जमवून घेतला. मग काय विचारता. सगळी वरात वळून माझ्याकडे तोंड करून नाचायला लागली. वऱ्हाडी शिट्ट्या मारत होते. क्लच तापून जळका वास सुटला तर सुहासच्या एका चुलतीला वाटलं नवरीकडच्यांनी ऊद लावलाय, आणि तिने येऊन बोनेटला ओवाळलं. "कुणाची गाडी?" "नवरीच्या भावाची!" मी आरशात बघितलं. मागे सत्यमची गाडी लोण्यासारखी सरकत होती आणि तिच्याकडे एक माणूस बघत नव्हता. एक कुत्रं सुद्धा नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर क्षण.

"दादा."

आरसा थोडा खाली केला. अनिताच्या मुंडावळ्या फिरून मानेवर गेल्या होत्या. चेहरा कोथिंबिरीच्या जुडीसारखा हिरवा.

"दादा, मळमळतंय. सत्याच्या गाडीत बसू दे ना मला."

ती ओरडली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. ती हळू बोलली.

"थोडंच राह्यलंय गं. तो बघ मारुती दिसतोय."

"मला दोन दिसत्यात."

मी हँडब्रेक ओढला. पण आत्याने नवाच मुद्दा काढला. "मारुतीच्या आधी नवरीनं भुईला पाय लावायचा न्हाई. मी तरी बरी उतरू दीन."

मग सत्यमने त्याची गाडी माझ्या गाडीला दाराला दार लावून उभी केली आणि नवरी होडीतून होडीत जावी तशी पलीकडे गेली. गाठ बांधलेली असल्याने नवरदेवही शेल्याला ओढला जात मागोमाग गेला. मध्ये अडकला तेव्हा आत्याने मागून ढकलला आणि स्वतःही पलीकडे गेली. लोकांना वाटलं रीत आहे. काहींनी अक्षता टाकल्या.

मी खाली उतरून सत्यमच्या गाडीच्या दारात उभा राहिलो.

"गाडी कुणाचीबी असू दे. नेणार मी."

"ने की," सत्यम म्हणाला आणि लगेच उतरला. वर समजावून सांगितलं, "चावी लावायची न्हाई. नुसती खिशात ठेवायची." तेही मला सहन झालं नाही.

गाडी आपोआप निघाली. खरं सांगायचं तर फार सुंदर चालते. तुपात बोट फिरावं तशी. मी हे कुणाला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. मागे आत्याच्या पापण्या जड होताना मला दिसल्या आणि माझा जळफळाट इतका वाढला की एसी कमी पडायला लागला. अनिताच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. मी नेत होतो तिला. मीच नेत होतो.

पुढे डीजे थांबला.

माझा डावा पाय काही मला विचारून वागत नाही. त्याला जे शिकवलंय ते तो करतो. तो उठला, क्लच शोधला, आणि सगळी ताकद लावून दाबला. क्लच तिथे नव्हता. तिथे ब्रेक होता, पाटाएवढा रुंद.

गाडी जागच्या जागी रोवली गेली. आत्या मागच्या सीटवरून थेट पुढे आली, पूर्ण जागी. सुहासचा फेटा काचेवर आपटून माझ्या मांडीवर पडला. अनिता मात्र गाठीमुळे जागेवर राहिली, म्हणजे त्या प्रथेला काही अर्थ आहे. मी घाबरून पाय उचलला, गाडी आपोआप निघाली, म्हणून मी आणखी घाबरून परत क्लच दाबला. या वेळी अनिताच्या ओटीतला नारळ पुढे आला.

डीजे बंद पडला. सत्यमने बाहेरून काचेवर टकटक केली.

"माऊली, डावा पाय वर घे. मांडी घालून बस."

प्रयत्न केला. तो पाय आता घडी होत नाही.

"दादा," अनिता म्हणाली. "उतर."

मी मागे बघितलं. ती रागावलेली नव्हती. डोळे पुसत होती, आणि रडतेय की हसतेय ते मला कळेना.

"सत्या, तू ने रे," ती म्हणाली.

त्यानंतर गाडी कुणी चालवली हे मी पाहिलेलं नाही, कारण मी खाली वाकून सुहासचा फेटा झटकत होतो. वर बघितलं तेव्हा वरात वळणापलीकडे गेली होती, डीजेसकट. मी माझ्या लाल गाडीत बसलो आणि उड्या मारत त्यांच्या मागोमाग निघालो. या वेळी कुणी नाचलं नाही. ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "बिघडलीय वाटतं."

सुहासच्या दारात माप ओलांडणं चाललं होतं. मी गर्दीच्या मागे उभा राहिलो. आत्या सगळ्यांना सत्यमची ओळख करून देत होती, "ह्यो पोराचा चुलत मेव्हणा, ह्यानं आणली," आणि लोक त्याला सरबत देत होते. दोन ग्लास. मला एक.

आतले विधी उरकल्यावर अनिता गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आली.

"दादा, पंचमीला मुराळी म्हणून कोण येणार न्यायला?"

"मी येणार! मीच!" मी एवढ्या जोरात म्हणालो की सुहास दचकला. एका दिवसात त्याचं बरंच झालं होतं.

"व्हय, तूच ये. सत्याला पाठवू नगंस," ती म्हणाली. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "पण लोकलनं ये हां. मळवलीपासनं चालत. दोघं गप्पा मारत जाऊ."

मी मान हलवली.

परतताना आत्या सत्यमच्या गाडीत बसली आणि वेशीच्या आत झोपली. मी एकटा आलो, विचार करत आलो, आणि घरी आल्या आल्या कागद घेतला.

प्रति,
मा. वरपक्ष, मौजे लोहगडवाडी, ता. मावळ, जि. पुणे.

विषय: झालेली पाठवणी रद्द करून फेरपाठवणी घेणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, दिनांक मजकुरी पार पडलेली वधूची पाठवणी ही सक्षम भावाकडून न झाल्याने ती विधिवत समजण्यात येऊ नये. सबब, वधूस तात्पुरत्या स्वरूपात माहेरी परत करून सदर पाठवणी पुनश्च घेण्यात यावी. फेरपाठवणीसमयी वरातीचा किमान वेग ताशी तीस किलोमीटर ठेवण्यात यावा, नाचणाऱ्यांनी तो धावत राखावा, मारुतीचे देऊळ सपाटीवर घेण्यात यावे, आणि श्री. सत्यम यांना त्या दिवशी अन्य कोणत्याही तालुक्यात राहण्याचे आदेश व्हावेत. वधू ही अर्जदाराची एकुलती एक बहीण असल्याने प्रकरण तातडीचे समजावे व केलेली कार्यवाही अर्जदारास लेखी कळवावी, ही नम्र विनंती.